खरेदीखतावर तुमचे नाव कुठे आहे?

(महाड येथे महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील बचत गटांच्या बायकांसमोर केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आधी एक काम करू या. आज ज्या आपल्या स्वतःच्या घरातून इथे आल्या आहेत, त्यांनी हात वर करा. सगळ्यांचेच हात वर आहेत. छान. आता त्या घराच्या कुठल्याही कागदावर जिचे नाव आहे, तिनेच हात वर ठेवायचा. बघा, निम्म्याहून जास्त हात खाली आले. आता घरपट्टीची पावती सोडून दुसऱ्या कागदावर जिचे नाव आहे ती. राहिल्या चार-पाच जणी, आणि त्यांतल्या दोघी मला ठाऊक आहेत. त्यांचे नाव लागले ते नवरा गेल्यावर, वारस म्हणून.

हसू नका. यात माझाही हात खालीच होता, आणि बराच काळ खाली होता. मी शाळेत शिकवत होते. लग्नानंतर आम्ही दोघांनी फ्लॅट घेतला. एकट्याच्या पगारावर कर्ज बसत नव्हते म्हणून माझाही पगार जोडला. कर्जाच्या प्रत्येक पानावर मी सह्या केल्या. किती सह्या, मोजल्या नाहीत. अकरा वर्षे माझ्या पगारातून हप्ता गेला. पुढे आमचे पटेना, वेगळे व्हायची वेळ आली, तेव्हा वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सगळी फाइल चाळली आणि विचारले, "अहो बाई, खरेदीखतावर तुमचे नाव कुठे आहे?" ते नव्हतेच. मी सहकर्जदार होते, सहमालक नव्हते. हे दोन वेगळे शब्द आहेत हे शिकवणाऱ्या बाईला तेव्हा कळले. म्हणून आज घर घेण्याच्या तयारीबद्दल मला बोलायला सांगितले, तेव्हा मी लगेच हो म्हटले.

सहकर्जदार म्हणजे कर्ज फेडायची जबाबदारी तुमची. नवऱ्याने हप्ता थकवला तर बँक तुमच्या दारात येणार. सहमालक म्हणजे घर तुमचे. बँका सहसा मालकांना सहकर्जदार करून घेतातच, पण सहकर्जदाराला मालक करा असे बँक कधी म्हणणार नाही. ते आपण म्हणायचे, आणि खरेदीखत लिहिले जाण्याच्या आधी म्हणायचे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने आपल्याला घरातून हाकलून देता येत नाही, राहण्याचा हक्क मिळतो. तो मोठा आधार आहे, मीही तो घेतला. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे.

आता आपल्या भागाचे बघू. आपल्याकडे घर घेणे म्हणजे बहुतेक वेळा घर बांधणे, तेही सासऱ्याच्या जागेत. पैसा मुंबईचा. एके काळी तो गिरणीतून यायचा. नवरा लालबाग-परळला खोलीत दहा जणांत राहायचा आणि इकडे बायको शेत, गुरे, सासू-सासरे सांभाळून चिरा न् चिरा बसवून घ्यायची. गवंड्याला चहा देणारी ती, पाणी मारणारी ती, वाळूचा हिशेब ठेवणारी ती. आणि घर उभे राहते ते सासऱ्याच्या किंवा आजेसासऱ्याच्या नावच्या जमिनीवर. सातबारा काढला तर त्यावर पंचवीस-तीस नावे. त्यांतले निम्मे मयत, बाकीचे मुंबई, सुरत, दुबईला. कोकणातला सामाईक सातबारा हा एक वेगळाच ग्रंथ आहे! अशा जमिनीवर बँक कर्ज देत नाही, कारण नेमका कुठला तुकडा गहाण घ्यायचा हे तिला कळत नाही. एखादा चुलत दीर म्हणतो, "वहिनी, माझा हिस्सा घ्या विकत." तो हिस्सा कुठला, कुठून कुठपर्यंत, हे कागदावर नसते. आधी वाटप, मग खरेदी. सगळे हिस्सेदार राजी असतील तर महसूल कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. वेळ लागतो, पण त्याला पर्याय नाही.

कागद वाचायला शिका. सातबारा फक्त बापयांना कळतो असे कोणी सांगितले? वरच्या भागात गट नंबर, क्षेत्र, कब्जेदारांची नावे. बाजूला भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ ते बघायचे. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. मग "इतर हक्क" हा रकाना. सगळी भानगड तिथे असते. सोसायटीचे कर्ज, कुळाचे नाव, बहिणीचा हिस्सा, कोर्टाचा मनाई हुकूम. विकणारा माणूस वरचे नाव दाखवतो आणि हा रकाना अंगठ्याखाली झाकतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सही केलेला डिजिटल सातबारा पंधरा रुपयांत निघतो. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर भरवसा ठेवू नका, स्वतः काढा. मग तलाठ्याकडे जाऊन (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आपण तलाठीच म्हणणार) मागचे फेरफार बघा. जमीन याच्याकडे कशी आली, कोणाकडून आली, कोणत्या बहिणीचे नाव मध्येच गळले, हे फेरफारात सापडते. आणि शेतजमीन असेल तर घेणारी स्वतः शेतकरी असावी लागते, नाहीतर कूळकायद्याची आडकाठी येते. आदिवासीची जमीन तर बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेताच येत नाही, आणि ते योग्यच आहे.

गावठाणातल्या घराला बहुधा सातबारा नसतो. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. इथे एक गैरसमज काढून टाकते. नमुना ८ हे कर आकारणीचे रजिस्टर आहे, मालकीचा पुरावा नव्हे. घरपट्टी तुमच्या नावावर आहे याचा अर्थ घर तुमचे आहे असा होत नाही. मग ते नाव निरुपयोगी का? तसेही नाही. २००३ साली राज्य सरकारने परिपत्रक काढले की ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावावे. "घर दोघांचे" म्हणून ते गाजले. काही गावांत सरपंचांनी मनावर घेतले, काही गावांत तो कागद फायलीतच राहिला. आता २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून घरांच्या मिळकत पत्रिका देताहेत, आणि त्या वेळी चौकशी करताना जुन्या नोंदीच पुढे येतात. म्हणून मोजणीवाला यायच्या आधी नमुना ८ मध्ये आपले नाव लागलेले हवे. पत्रिका एकदा एकट्या पुरुषाच्या नावे झाली की मग दुरुस्तीचे खेटे.

गिरणी कामगारांच्या घरांची गोष्ट सांगते, कारण आपल्या दोन्ही तालुक्यांतली घरे त्यात अडकलेली आहेत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. गिरण्या बुडाल्या, माणसे गावाला परतली. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरे बांधायचे ठरले आणि २०१२ मध्ये म्हाडाने पहिली मोठी सोडत काढली, जवळजवळ सात हजार घरांची. त्यासाठी १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर तुम्ही गिरणीत होतात हे सिद्ध करायचे. तिकीट नंबर, ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, विमा योजनेचे कार्ड, सर्व्हिसचा दाखला, असे काहीही. बापये तर कितीतरी आधीच गेलेले. अर्ज करायला आल्या त्या बायका. पोलादपूरकडची एक आत्या माझ्याकडे पत्र्याची ट्रंक घेऊनच आली. म्हणाली, "ह्यात काय लागतं ते तूच बघ." ट्रंकेत लग्नाची शाल, मुलाची पाटी आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला गिरणीचा पास. नवऱ्याचा पुरावा मिळाला! अडले ते तिच्यापाशी. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नात बदललेले दुसरे, रेशन कार्डावर तिसरे, आणि आधार कार्डावर आडनावाच्या जागी गावाचे नाव. एकाच बाईच्या चार बायका झाल्या होत्या. वारस दाखला, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, दीड वर्ष गेले तिचे.

तेव्हा तयारीची पहिली पायरी जागा बघणे ही नाही. आपले नाव एक करणे ही आहे. आज घरी गेल्यावर आधार, पॅन, बँकेचे पासबुक, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, मतदार कार्ड शेजारी शेजारी मांडा. स्पेलिंगसकट जुळतात का बघा. लग्नाची नोंद झाली नसेल तर करून घ्या. नवरा मयत असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारस नोंद. नवऱ्याने टाकलेल्या बायकांची अडचण मला माहीत आहे. घटस्फोट नाही, कागद नाही, आणि प्रत्येक अर्जावर पतीचे नाव विचारतात. पण कायद्याने तुम्ही एकट्या घर घेऊ शकता, त्याला नवऱ्याची संमती लागत नाही.

आता पैसा. पंधरा लाखांचे घर म्हणू. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक जास्तीत जास्त किमतीच्या नव्वद टक्के देऊ शकते, पण ती वरची मर्यादा आहे. आपल्यासारखीला ऐंशी टक्के मिळाले तरी खूप. शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील, मीटर बदलणे हे सगळे आपल्या खिशातून. किमतीच्या पाव भाग रक्कम हातात असल्याशिवाय विसार देऊ नका. हप्त्याचा हिशेब असा. दहा लाख, नऊ टक्के दराने, वीस वर्षे: महिन्याला सुमारे ९ हजार, आणि शेवटी फेड साडेएकवीस लाखांवर जाते. तेच पंधरा वर्षांत फेडले तर हप्ता १० हजार १४० च्या आसपास, पण एकूण सव्वाअठरा लाख. महिन्याला साडेअकराशे जास्त आणि तीन लाखांहून जास्त वाचले. एजंट तुम्हाला फक्त छोटा हप्ता सांगतो.

बाजारात मासळी विकणारी, बिरवाडीकडे एमआयडीसीत कंत्राटावर जाणारी, खानावळीचे डबे देणारी, तिचे उत्पन्न कुठे दिसते? कमरेच्या पिशवीत. बँकेला पिशवी दिसत नाही. म्हणून आजपासून आठवड्याची कमाई स्वतःच्या, एकटीच्या खात्यात भरायची आणि खर्चाला काढायची. जा-ये दिसली पाहिजे. दोन-तीन वर्षांचे पासबुक हाच तुमचा पगाराचा दाखला. जमले तर आयकराचे विवरणपत्र भरा, कर लागत नसला तरी. गटाचे कर्ज वेळेवर फेडले असेल तर ती नोंद तुमच्या बाजूने बोलते. आणि आपला पतअहवाल वर्षातून एकदा फुकट मागवता येतो, २०१७ पासून. तो मागवाच. आमच्या गटातल्या एकीचे कर्ज नाकारले, तेव्हा कळले की भावाच्या मोटरसायकलला ती जामीन होती आणि भावाने हप्ते सोडून दिले होते. तिला बिचारीला आठवतही नव्हते, चहा पिता पिता सही केलेली. आणखी एक, हात जोडून सांगते: विसाराची रक्कम उभी करायला आठवड्याच्या हप्त्याच्या फायनान्सवाल्यांकडे जाऊ नका. त्या कर्जावर घर होत नाही, असलेले मंगळसूत्र मात्र जाते.

पैसा उभा करायची एक जागा आपण विसरतो, ती म्हणजे माहेर. वडील वारले की तेराव्याच्या आत भाऊ हक्कसोडपत्र घेऊन येतो. "ताई, सही कर, माहेर तुटायला नको." आपण करतो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि वडील त्या दिवशी हयात नसले तरी तो आहे हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. हक्क सोडायचाच असेल तर फुकट का? त्याची रक्कम मागा, चेकने घ्या, घराच्या पहिल्या भरण्यात घाला. ज्या महाडात २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली गेली, त्याच महाडात बसून मी हे सांगते आहे. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले, ते काय आपण चहाबरोबर हक्क सोडून द्यावा म्हणून?

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी थोडे. २४ ऑगस्ट २०२० ला इथेच काजळपुऱ्यात पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे गेली. ती काही जुनीपुराणी इमारत नव्हती. रंग आणि टाइल्स बघून घर घेतले जाते, कागद कोणी बघत नाही. बांधकाम परवाना, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद मागा. भोगवटा प्रमाणपत्र "येतंय, येतंय" असे म्हणत असेल तर तुम्हीही पैसे "येताहेत" म्हणा. नवे बांधकाम असेल तर महारेराचा नंबर तपासा. नोंदवलेला करार केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. नोटरीपुढे शंभराच्या कागदावर केलेले लिखाण म्हणजे खरेदी नव्हे. कुलमुखत्यारपत्रावरची खरेदीही मालकी देत नाही, हे २०११ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. खरेदी म्हणजे दुय्यम निबंधकांपुढे नोंदवलेले खरेदीखत.

आणि पाणी. सावित्री आणि गांधारी आपल्याला सोडत नाहीत. २०२१ च्या जुलैत पाणी कुठपर्यंत चढले ते विकणाऱ्याला विचारू नका, समोरच्या म्हातारीला विचारा. पूररेषेत जागा येते का ते नगरपालिकेत बघा. डोंगराकडे घेणार असाल तर वरच्या अंगाला माती कापली आहे का, भेगा आहेत का ते डोळ्यांनी बघा. २२ जुलै २०२१ ला तळियेत ऐंशीहून अधिक माणसे दरडीखाली गेली. त्याच वेळी पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली. घर गेल्यावर पंचनामा होतो तो नोंदीतल्या नावाने, हेही ध्यानात असू द्या. त्या पुरात महाडात किती जणींचे कागद पेटीसकट चिखल झाले. कागद प्लॅस्टिकात, माळ्यावर, आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे.

शुल्काचे सांगायचे राहिले. २०२१ पासून राज्यात बाईच्या नावे राहते घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पंधरा लाखांवर पंधरा हजार. पण ती फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावे घेतले तर. नवऱ्याबरोबर जोडीने घेतले तर नाही. सुरुवातीला पंधरा वर्षे पुरुषाला विकायचे नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली. या सवलतीमुळे काही नवरे बायकोच्या नावे घर करायला एकदम तयार होतात! होऊ द्या. फक्त आपल्या खात्यातून गेलेल्या रकमेचे पासबुक, चेकच्या प्रती जपून ठेवा, उद्या "नाव तिचे, पैसा माझा" म्हणून कोर्टात उभा राहिला तर उपयोगी पडतील.

ज्यांना विकत घेणे शक्यच नाही त्यांच्यासाठी घरकुल आहे. २०१६ पासूनच्या योजनेत सर्वसाधारण भागात १ लाख २० हजार मिळतात, त्यात घर होत नाही हे आपल्याला माहीत आहे, पण मंजुरी बाईच्या किंवा दोघांच्या नावे देण्याचा नियम आहे, तो धरून बसा. जागाच नसेल तर जागा खरेदीला राज्याची वेगळी मदत आहे. कातकरी वाड्यांवरच्या बायकांनी ती पंचायत समितीत मागावी, आम्ही बरोबर येऊ.

शेवटचा मुद्दा लोकांना आवडत नाही, अपशकुनी वाटतो. मृत्युपत्र. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली आणि नवरा, मुले नसतील तर तिने स्वतःच्या कष्टाने घेतलेले घरही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, आईवडिलांकडे नाही. ज्या विधवेला सासरच्यांनी लग्नानंतर काही महिन्यांतच घराबाहेर काढले, तिची सारी कमाई त्याच सासरच्यांना मिळाली असा निकाल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात झाला. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आपण दोन साक्षीदारांसमोर साध्या कागदावरही मृत्युपत्र करू शकतो. मुसलमान भगिनींना वेगळे नियम आहेत, मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशापर्यंतच देता येते, त्यांनी मला नंतर भेटा.

झाले माझे. आता चहा आहे. ज्यांनी सातबारा किंवा नमुना ८ आणला आहे त्यांनी खिडकीकडच्या टेबलाशी बसा, आपण एकेक वाचू. चष्मे विसरलेल्यांसाठी माझ्याकडे दोन जास्तीचे आहेत.